अक्कम्माला गन पाहिजे

कमलनगरात अक्कम्माचं घर कुणाला विचारावं लागत नाही. सकाळी आठच्या सुमाराला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत उभं राहायचं आणि कान द्यायचा. जिथून थप थप ऐकू येतं ते तिचं घर. बाई ज्वारीच्या कडक भाकरी करून विकते. पापडासारखी पातळ, महिनाभर टिकणारी भाकरी. उदगीरचे दुकानदार नेतात, बिदरचे नेतात, आणि जत्रा असली की दिवसाला दीडशे भाकरीसुद्धा होतात. सगळ्या हातानं थापून. लाटणं म्हटलं की अक्कम्माचं टाळकं फिरतं. "लाटणं आजाऱ्यानं घ्यावं," म्हणते.

वय एकसष्ट. माहेर तिकडं अफझलपूरकडं, करजगीचं, म्हणजे अस्सल कानडी. लग्न होऊन इकडं येऊन चाळीस वर्षं झाली. मराठी अशी बोलते की भांडायला लागली तर लोक कामं सोडून ऐकत बसतात. पण एक खोट राहिली ती राहिलीच. कानडीत वस्तूंना सगळ्यांना एकच माप असतं, आपल्यासारखी तो-ती-तेची भानगड नाही. अक्कम्मानं दोन-चार वर्षं डोकं लावून बघितलं, मग एकदाचा निकाल लावला आणि सगळ्या वस्तूंना 'तो' म्हणायला लागली. चूल तो, बस तो, भाकरीपण तो. सासूनं सुधारायचा प्रयत्न केला. शेवटी सासूच 'तो चूल पेटव' म्हणायला लागली आणि तो विषय संपला. आता ह्या एवढ्याशा 'तो'नं पुढं गावभर केवढा धुरळा उडवला, तेच सांगायचंय.

तर अक्कम्माचा उजवा खांदा दुखायला लागला. लागणारच! चाळीस वर्षं परातीवर आपटलेला हात तो, कधीतरी बिल मागणारच की. आधी नुसतं कुरकुरायचा. मग पदर डोक्यावर घेताना हात निम्म्यात अडायला लागला. तीन महिने बाईनं हूं की चूं केलं नाही. शेजारी विचारायचे, "आज थापा कमी ऐकू येतात गं?" ही म्हणायची, "कान धुऊन घ्या."

एवढं लपवायला कारण होतं, आणि त्या कारणाचं नाव वीरेश. एकुलता एक लेक. हैदराबादला चांगल्या नोकरीत, सहाव्या मजल्यावर फ्लॅट. पोरगा वाईट नाही हो, उलट फारच चांगला, आणि तीच पंचाईत. बाप गेल्यापासून आईच्या मागं लागला होता, चल माझ्याकडं. शेवटी मायलेकांत एक करार झाला. हात चालतोय तोवर अव्वानं, म्हणजे आईनं, कमलनगरात राहायचं. ज्या दिवशी हात दुखतो म्हणेल, त्या दिवशी वीरेश गाडी घेऊन येणार आणि परातीसकट तिला उचलून नेणार.

ती एकदा जाऊन आली होती तिकडं. बावीस दिवस. मोजून. दार उघडलं की समोर दुसरं बंद दार. कुणी कुणाला "जेवलीस का" विचारत नाही. करमेना म्हणून हिनं भाकरी थापायला घेतल्या, तर दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरचा माणूस वर आला आणि हात जोडून म्हणाला, "वरून काहीतरी आपटल्याचा आवाज येतोय." वीरेशनं परातीखाली टॉवेल घातला. मग दुसरा घातला. टॉवेलावर थापलेल्या त्या मुक्या भाकरीची अक्कम्माला जी धास्ती बसली, ती अजून गेलेली नाही. खांद्याचं दुखणं तिला सोसवत होतं. सहावा मजला सोसवला नसता.

म्हणून ती गुपचूप बिदरला गेली. घरात सांगायला कुणी नव्हतंच, गल्लीत सांगितलं की नात्यातल्या बाईला बघायला जायलेय. तिथं नौबाद भागातल्या दवाखान्यात एका पोरीनं हात फिरवून बघितला, चार व्यायाम दाखवले, आणि मग कपाटातून एक बंदुकीसारखं यंत्र काढलं. पुढं रबरी गोळा. बटण दाबलं तसा तो गोळा धडधडायला लागला. पोरीनं तो पाच मिनिटं खांद्याच्या भोवती फिरवला आणि अक्कम्माच्या तोंडातून तीन महिन्यांत पहिल्यांदा "अव्वा गं" निघालं, पण ते सुखाचं.

"काय म्हणतात गं ह्याला?"

"मसाज गन."

परतीच्या बसमध्ये ती एवढंच घोकत आली. मसाज गन, मसाज गन. नाव विसरू नये म्हणून शेजारणीशी बोललीसुद्धा नाही, आणि अक्कम्मा बसमध्ये गप्प बसते म्हणजे तुम्हीच समजा.

दुसऱ्या दिवशी ज्वारी दळायला गिरणीत गेली. तिथं शिवगंगा भेटली. शिवगंगा म्हणजे भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण, तीही कानडी मुलखातलीच, जिवाभावाची. तिच्या पोटात मात्र पाणीसुद्धा ठरत नाही, गुपित कुठलं ठरतंय! गिरणी धडाधड चालू, पिठाचा धुरळा, आणि ह्या दोघी पट्ट्याच्या दोन बाजूंना.

"काल बिदरला कामून गेलतीस?" शिवगंगा ओरडली.

"गन बघायला!" अक्कम्मा ओरडली. "मसाजचा गन पाहिजे मला!"

गिरणीच्या आवाजात मसाज तर उडूनच गेला. राहिलेला गन शिवगंगाच्या कानात शिरला तो गंड होऊन. आता तुम्ही पुण्या-साताऱ्याकडचे असाल तर तुम्हाला गंड म्हटलं की वेगळंच काही आठवेल. आमच्या सीमेवर लहान पोरालाही ठावं असतं की कानडीत गंड म्हणजे नवरा.

शिवगंगानं तोंडावर पदर धरला. "अगं बाई! ह्या वयात?"

"ह्या वयातच लागतोय की! तरुणपणी कुणाला गरज हाय त्याची?"

"कसला बघायलीस?"

"हलका पाहिजे. जड मला झेपत न्हाई. आवाज करणारा तर नकोच नको. आणि लवकर तापणारा नको!"

"कुणी बघून ठेवलाय का?"

"नौबादला एक बघितला की. पाच मिनिटं नुसता खांद्यावर फिरला, काय सांगू तुला, जीव गार झाला!"

शिवगंगाची पाटी कलंडली. शेरभर पीठ भुईवर सांडलं, पण तिचं तिकडं लक्षच नाही.

"वीरेशला ठावं हाय?"

"त्याला कळू देऊ नको. शपथ हाय तुला माझ्या गळ्याची!"

शिवगंगानं शपथ पाळली. वीरेश सोडून बाकी सगळ्यांना सांगितलं.

इकडं अक्कम्माला कशाचा पत्ता नाही. ती स्टँडवरच्या मंजुनाथच्या मोबाइल दुकानात गेली. मंजुनाथ हुशार पोरगा. तिनं आधी सांगून ठेवल्यावर बिदरहून तीन नमुने मागवून ठेवले होते त्यानं. दुकान बोळकांडीसारखं अरुंद, पुढं मोबाइलच्या कव्हरांच्या माळा टांगलेल्या. बाहेरच्या बाकावर जीपची वाट बघणारी माणसं बसलेली. त्यांना आतलं दिसत काही नाही, ऐकू मात्र सगळं येतं.

पहिला नमुना काळा, थोराड. चालू केला तर काउंटरवरच्या काचा थरथरायला लागल्या.

"मंजू, हा काय बोअर मारायला आणलास का? आणि केवढा जड! ह्याला धरून धरून माझा चांगला हात कामातून जाईल. ठेव तिकडं."

दुसरा छोटा, गुलाबी, हातात घ्यावा असा. अक्कम्मानं खांद्यावर टेकवला आणि जरा जोर दिला, तर यंत्र कुंईं करून बंद.

"काकू, लई दाबू नका."

"दाबायचा न्हाई तर काय ह्याची आरती करायची? दिसायला गोरा, कामाला चोर. नको मला."

तिसरा मधल्या अंगाचा. त्याच्याबरोबर चार डोकी: एक गोल, एक सपाट, एक दोन शिंगांचं, एक टोकदार. मंजुनाथनं सगळं नीट सांगितलं. अंगावर मांस असेल तिथं गोल लावायचं, हाडावर काहीच लावायचं नाही, एका जागी दोन मिनिटांच्या वर ठेवायचं नाही, पहिल्यांदा सगळ्यात हळू चालवायचं. अक्कम्मानं डोळे मिटून दंडावर फिरवून बघितला. आवाज बेताचा. दाबला तरी थांबला नाही. तापला नाही.

"हा चांगला हाय रे," ती म्हणाली. "शांत हाय. सांगितल्यासारखा वागतोय."

"मग घेऊन टाका."

"असा कसा घेऊ? दोन दिवस घरी नेते. पटला तर ठेवते, न्हाई पटला तर परत आणून देते."

बाहेरच्या बाकावर एकाएकी सगळं चिडीचूप झालं. एका म्हाताऱ्यानं तोंडातला विडा गिळला म्हणतात. जीप आली, हॉर्न देऊन देऊन दमली, कुणी उठेना.

दोन दिवसांत कमलनगरात दुसरा विषय नव्हता. अक्कम्मानं एक जड म्हणून सोडला, एक नाजूक म्हणून सोडला, तिसरा घरी नेऊन बघायली. बायांनी कानावर हात ठेवले, पण बोटं जरा फाकवूनच. आणि ही बातमी फिरत फिरत आप्पारावांच्या दारात जाऊन बसली.

आप्पाराव म्हणजे निवृत्त पोस्टमास्तर. बायको जाऊन तीन वर्षं झालेली, सरळमार्गी माणूस, आठवड्याला वीस भाकरीचं गिऱ्हाईक. एरवी भाकरी न्यायला भाच्याला पाठवायचे. त्या दिवशी स्वतः आले. शर्टाला इस्त्री, आणि केस रातोरात काळे झालेले. दारात उभे राहून घसा साफ केला.

"अक्कम्माबाई, कानावर आलंय की तुम्ही बघायलाव म्हणून."

"बघायलेय की," अक्कम्मा परातीवरची नजर न काढता म्हणाली. "एक आणलाय घरी, पण त्याचं काय खरं न्हाई बघा. पाहिजे तिथं पोचत न्हाई."

आप्पारावांचा चेहरा लालभडक झाला, पण माणूस हटला नाही. "मी... आमच्याकडं आवाज अजिबात न्हाई बघा. घोरणंसुद्धा न्हाई. वजन जरा हाय, पण डॉक्टरनं सांगितल्यापासून रोज चालायलोय. आणि तापायचं म्हणाल तर, पोस्टात अडतीस वर्षं काढली, एकदा तापलो न्हाई."

"तुमच्याकडंपण हाय? मग दाखवा की."

"काय दाखवू? समोर उभा हाय की मी."

अक्कम्माचा थापता हात थांबला. तिनं मान वर केली. काळे केस बघितले, इस्त्री बघितली, कपाळावर ओघळलेला रंगाचा काळा थेंब बघितला. मग हळूहळू तिला गिरणी आठवली, शिवगंगाचं सांडलेलं पीठ आठवलं, बाकावरची शांतता आठवली. आणि डोक्यात लख्ख उजेड पडला.

"आप्पाराव," ती म्हणाली, "हे घ्या वीस भाकरी. आणि घरी जाऊन कपाळ पुसा."

ते वळले तेवढ्यात फोन वाजला. वीरेश. आवाज असा, जसा कुणी मयतीला जाताना काढतो. "अव्वा, मी उद्या येतोय. शैलश्रीपण येईल. बसून बोलू." झालं. शिवगंगानं शपथ मोडली नव्हती, वीरेशला सांगितलंच नव्हतं. सुनेला, शैलश्रीला, सांगितलं होतं.

अक्कम्मा परातीपाशी खाली बसली. शरमेनं तिच्या अंगाची लाही लाही झाली. मनात आलं, आत्ताच्या आत्ता फोन लावावा आणि सांगावं, अरे मुडद्या, गंड न्हाई, गन! खांद्याचा यंत्र हाय तो! फोन हातात घेतलासुद्धा. आणि तिथंच ती अडकली. यंत्र कशाला, तर खांदा दुखतोय म्हणून. खांदा दुखतोय म्हटलं की गाडी. गाडी म्हटलं की सहावा मजला, आणि परातीखाली टॉवेल.

चहाचं आधण उकळून आटेपर्यंत तिनं विचार केला. मग फोन खाली ठेवला. नवरा तर नवरा. होऊ दे काय व्हायचं ते.

दुसऱ्या दिवशी अकराला गाडी दारात उभी राहिली. गल्लीतल्या सगळ्या बायांना त्याच वेळी अंगण झाडायची आठवण झाली. वीरेश आत आला, पाया पडला, पाटावर बसला. शैलश्री उंबऱ्यातच उभी राहिली.

"अव्वा, लोक म्हणायलेत ते खरं हाय?"

अक्कम्मानं भिंतीकडं बघितलं. "व्हय. बघायलेय."

वीरेश उठला आणि बाहेर पडला. अक्कम्माला वाटलं, गेला, आता तोंड बघायचा नाही. ती तशीच बसून राहिली. अर्ध्या तासानं तो परत आला. डोळे लाल झाले होते. तो तिच्यासमोर भुईवरच बसला.

"अव्वा, मी लई विचार केला. आपल्यात बाईनं दुसऱ्यांदा लग्न करायला पहिल्यापासून ना न्हाई. मग मी कोण ना म्हणणारा? तू एकटी पडलीस, ही माझी चूक हाय. मला फ्लॅट दिसला, माझ्या आईला सोबत पाहिजे हे दिसलं न्हाई." त्याचा आवाज फुटला. "गल्लीत सगळे आप्पारावांचं नाव घ्यायलेत. चांगला माणूस हाय तो. मी स्वतः पुढं होऊन लावून देतो. कोण हसतोय बघतो मी."

एवढा मोठा बाप्या, लेकरागत रडायला लागला. आता मात्र अक्कम्माचं काळीज पाणी पाणी झालं. काय पोरगं हे! ती थापा मारायली, आणि हा आईसाठी गावाशी भांडायला उभा राहिला. तिला स्वतःची लाज वाटली. त्याच्या डोक्यावर हात ठेवावा म्हणून तिनं हात उचलला. हात छातीपर्यंत आला आणि तिथंच राहिला. वर जाईना. खांद्यात कळ आली आणि तोंडातून निघालेलं कण्हणं तिला दाबता आलं नाही.

वीरेशनं वर बघितलं. "काय झालं हाताला?"

"काय न्हाई."

"अव्वा."

मग काय करणार! अक्कम्मा उठली, ज्वारीच्या डब्यात हात घातला, आणि तळाशी दडवलेलं ते यंत्र काढून त्याच्यापुढं ठेवलं. "हा बघ तुझा नवीन बाप," ती म्हणाली. "गंड न्हाई रे. गन. खांद्याला लावायचा गन."

आधी शैलश्रीला कळलं. ती उंबऱ्यात खाली बसली आणि पोट धरून अशी हसली की बाहेर झाडलोट करणाऱ्या बाया आत डोकावल्या. हसता हसता ती उठून यंत्र हातात घेऊन बघायला लागली. "पण अत्ती, ह्यानं उतार पडला का तुम्हाला?"

"कुठला पडतोय! आवाज बघितला, वजन बघितलं, चारी डोकी बघितली. दुखतं ते मागं, खांद्याच्या फऱ्याखाली. तिथं माझा हात पोचतो का, तेवढंच बघायचं राहिलं. दुसऱ्या कुणीतरी धरायला पाहिजे त्याला."

वीरेश मात्र हसला नव्हता. तो यंत्राकडं बघत बसला होता.

"किती दिवस झाले दुखायला?"

"तीन महिने."

"आणि मला सांगितलं न्हाईस."

"करार हाय न्हवं आपला."

"म्हणजे," वीरेश सावकाश म्हणाला, "गावभर नाव खराब झालेलं चाललं तुला. आप्पारावाशी नाव जोडलेलं चाललं. पण माझ्या घरी यायला लागंल, ते चाललं न्हाई."

अक्कम्माला खोटं बोलता आलं असतं. तीन महिने तेच तर चाललं होतं. पण आता तिला खोट्याचा कंटाळा आला होता.

"व्हय," ती म्हणाली. "नाव खराब हुतं ते चार दिवसांचं असतं बाळा. तिथं माझा जीव गुदमरतोय. तू वाईट हाईस म्हणून न्हाई. तिथं मी थापलेला ऐकायला कुणी न्हाई."

वीरेश उठून दारात गेला. बाहेर शिवगंगा एकाच जागी कधीपासून झाडत होती, तिथली माती निघून खड्डा पडायची वेळ आली होती.

"शिवगंगाक्का," तो म्हणाला, "आत या. उद्यापासून रोज संध्याकाळी दहा मिनिटं हा गंड तुम्ही धरायचा, अव्वाच्या फऱ्याखाली. हाडावर न्हाई, मांसावर. गावभर तुम्हीच फिरवलाय त्याला, आता इथं फिरवा."

शिवगंगा मुकाट्यानं मान हलवून पदर खोचायला लागली. शैलश्रीला परत हसू फुटलं. वीरेश आत आला आणि आईसमोर उकिडवा बसला.

"करार मोडला आजपासून," तो म्हणाला. "तुला न्यायचं नाव काढणार न्हाई मी. हात चालू दे न्हाईतर न चालू दे, तू इथंच राहा. पण एक कर. दुखलं तर मला सांगत जा."

"नेणार न्हाईस?"

"न्हाई."

"नक्की?"

"नक्की, अव्वा."

अक्कम्मानं त्याच्याकडं नीट बघून घेतलं. खरंच बोलतोय याची खात्री करून घेतली. मग पदराचा बोळा तोंडाशी धरला, आणि तीन महिने गिळलेलं सगळं एकदम वर आलं.

"मग आता सांगते," ती म्हणाली. "लई दुखायलाय रे, वीरेश. लई दुखायलाय."